‘रिकामं वाटतं’ या शेऱ्याचं काय करायचं?

प्रश्न असा आहे. कासारवडवलीत राहणाऱ्या एका गायिकेने वडील गेल्यानंतर घरच्या घरी, लॅपटॉप आणि एका लहान सिंथवर (सिंथेसायझरवर), सात मराठी गाण्यांचा अल्बम केला. ड्रम मशीनचा ठोका, सिंथचे मोजके सूर आणि घट्ट ऑटोट्यून (सूर जागेवर आणणारं सॉफ्टवेअर) लावलेला स्वतःचा आवाज, एवढंच साहित्य. त्यावर तीन परीक्षणं आली. पहिल्याने लिहिलं, गाणी रिकामी वाटतात, अर्ध्यावर सोडून दिल्यासारखी. दुसऱ्याने लिहिलं, सुरात गाता येत नसलं की मशीनचा आधार घ्यावा लागतो. तिसऱ्याने तोंड भरून कौतुक केलं आणि भाकीत केलं की लोकांना हे काही वर्षांनी कळेल. आता ती विचारते: अमेरिकन रॅपर कान्ये वेस्टच्या ‘एट-ओ-एट्स अँड हार्टब्रेक’लाही आधी शिव्याच बसल्या होत्या आणि आज तो मैलाचा दगड मानला जातो, मग मी या परीक्षणांकडे सरळ दुर्लक्ष करू का?

मी ठाण्यात, नौपाड्यात, मिक्सिंगचं काम करतो आणि जोडीने बरीच वर्षं अल्बमची परीक्षणं लिहितो. त्यामुळे या व्यवहाराच्या दोन्ही बाजू रोजच्या ओळखीच्या आहेत. तुम्ही लिंक दिलीत म्हणून अल्बम आधी स्टुडिओतल्या स्पीकरवर ऐकला, मग हेडफोनवर, मग नुसत्या फोनवर. ही तीन वेगवेगळी ऐकणी का सांगतोय ते पुढे येईलच.

आधी तो अमेरिकन अल्बम, कारण तुमची सगळी भिस्त त्याच्यावर आहे. ‘सगळ्यांनी झोडपलं आणि नंतर सगळ्यांनी डोक्यावर घेतलं’ ही त्याची गोष्ट आता इतक्या वेळा सांगून झाली आहे की खरीच वाटायला लागते. प्रत्यक्षात तसं घडलं नव्हतं. अल्बम २४ नोव्हेंबर २००८ला आला, पहिल्या आठवड्यात अमेरिकेत साडेचार लाखांच्या आसपास प्रती खपल्या आणि बिलबोर्डच्या यादीत तो थेट पहिल्या नंबरावर गेला. परीक्षणांचे गुण एकत्र करणाऱ्या मेटाक्रिटिकवर त्याच्या नावापुढे १०० पैकी ७५ आहेत. याला झोडपणं म्हणत नाहीत. हां, त्याच्या आधीच्या ‘ग्रॅज्युएशन’ने पहिल्या आठवड्यात साडेनऊ लाखांचा टप्पा ओलांडला होता, त्या मानाने खप निम्म्याहून खाली आला. जुना चाहता बावचळला होता, हे मात्र खरं.

समीक्षकांची पंचाईत झाली ती निराळ्या कारणाने. २००४ ते २००७ या काळात कान्येचे तीन अल्बम आले होते. जुन्या सोल गाण्यांचे तुकडे (सॅम्पल) वेग वाढवून वापरायचे, वर शब्दांच्या कोट्या, मागे भरगच्च अरेंजमेंट, ही त्याची ओळख पक्की झाली होती. चौथ्या अल्बममध्ये हाच माणूस रॅप जवळजवळ बाजूला ठेवून गातो, तेही आवाज मशीनमधून काढून, आणि मागे ड्रम मशीन, सिंथ, थोडा पियानो, क्वचित व्हायोलिनं. ऐकणाऱ्याचा कान साहजिकच आधी नसलेल्या गोष्टी मोजायला लागला. सॅम्पल कुठे गेले, विनोद कुठे गेला, रॅप कुठे गेलं. पुष्कळशा परीक्षणांमध्ये वरच्या परिच्छेदात धाडसाचं कौतुक आणि खाली आवाजाची, शब्दांची तक्रार, अशी ओढाताण दिसते ती यामुळे. कलाकाराच्या मागच्या कामाशी तुलना करणं गैर नाही, मीही करतो. पण ‘काय नाही’ याची यादी लिहून झाल्यावर ‘काय आहे’ ते लिहायला लेखात जागा उरली पाहिजे.

काय आहे, ते एका गाण्यापुरतं जवळून पाहू. पहिलंच गाणं, ‘से यू विल’. दोन छोटे, कोरडे इलेक्ट्रॉनिक सूर आलटून पालटून टिपटिपत राहतात. खाली जड ठोका, मागे कोरससारखा पसरलेला सिंथ. गाण्यातला माणूस तिच्याकडे मागतोय ते एवढंच, की पाळणार नसशील तर शब्द देऊ नकोस. गाणं सहा मिनिटांच्या वर चालतं आणि गायक साधारण निम्म्या वाटेवर गायचा थांबतो. पुढची जवळजवळ तीन मिनिटं तोच ठोका, तेच दोन सूर, तोच कोरस. एकही शब्द नाही. एडिटिंगच्या टेबलावर कुणीही सांगितलं असतं की हे दीड मिनिटात आटप. पण कापलं असतं तर गाणं मेलं असतं. माणूस बोलून गप्प झालाय, समोरून उत्तर येत नाही, आणि ती वाट बघणं आपल्याला बसून ऐकावं लागतं. ज्या परीक्षणाने या तीन मिनिटांना ‘लांबण’ म्हटलं त्याने निदान ती ऐकली तरी. माझं भांडण त्यांच्याशी आहे ज्यांनी एकूण अल्बमला ‘थंड’ म्हणून सोडून दिलं आणि हा थंडपणा कशाने तयार होतो, तो कुठे लागतो आणि कुठे फसतो, हे सांगितलंच नाही.

फसतो हेही खरं आहे. ‘रोबोकॉप’मधल्या तंतुवाद्यांचा गोडवा मला आजही खोटा वाटतो. ‘सी यू इन माय नाइटमेअर्स’मध्ये किंचाळण्याच्या पट्टीत गेलेला राग अल्बमच्या बाकी शिस्तीशी जुळत नाही. शेवटचं ‘पिनोकिओ स्टोरी’ सिंगापूरच्या मैफलीत उत्स्फूर्त गायलेलं रेकॉर्डिंग आहे. माणसाचं दुखणं कळतं, पण गाणं म्हणून ते विस्कटतं. २००८मध्ये ज्यांनी या गाण्यांवर बोट ठेवलं ते तेव्हाही बरोबर होते आणि आजही आहेत. अल्बमची किंमत पुढे वाढली म्हणून त्यातली कच्ची गाणी पिकली नाहीत. तुमच्यासाठी हा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण तिसऱ्या परीक्षकाच्या भाकितावर विसंबलात तर तुमची दोन कच्ची गाणी तशीच राहतील.

त्या तिसऱ्या परीक्षणाबद्दल आणखी थोडं. ते मी दोनदा वाचलं. चार परिच्छेद तुमच्या वडिलांबद्दल आहेत आणि गाण्यांबद्दल दोन ओळी. कान्येच्या अल्बमबाबतही हे पुष्कळ झालं. त्याची आई, डॉन्डा वेस्ट, नोव्हेंबर २००७मध्ये एका शस्त्रक्रियेनंतर गेली. पाठोपाठ २००८मध्ये ठरलेलं लग्न मोडलं. त्यानंतर हवाईमध्ये बसून त्याने तीनेक आठवड्यांत बरीचशी गाणी रेकॉर्ड केली. ही हकीकत प्रत्येक समीक्षकाला ठाऊक होती आणि तिने दोन प्रकारांनी घोळ केला. काहींनी दुःखाकडे बघून हात सैल सोडला. काहींनी उलट, पैशाने आणि प्रसिद्धीने भरलेल्या माणसाची ही रडगाणी म्हणून नाक मुरडलं. दोघांनीही गाण्याचा न्याय चरित्रावरून केला. ‘वेलकम टू हार्टब्रेक’ सुरू झालं की पहिल्याच ओळींत मित्र आपल्या मुलांचे फोटो दाखवतो आणि याच्याकडे दाखवायला असतात ती घरं. हे कळायला आईच्या निधनाची तारीख लागत नाही. ओळीत ते आहे. तुमच्या तिसऱ्या गाण्यात कपाटातल्या शर्टांना अजून इस्त्रीच्या दुकानाची चिठ्ठी लावलेली आहे, ती ओळही तशीच आहे. वडील गेले हे त्या गाण्यात कुठेही म्हटलेलं नाही आणि तरी ऐकणारा समजतो. कौतुक करायचं तर त्या चिठ्ठीचं करायला हवं होतं. आपल्याबद्दल कणव दाखवणारं परीक्षण वाचताना बरं वाटतं, पण त्यातून पुढच्या कामाला काही मिळत नाही.

(एक खुलासा करून ठेवतो. याच कलाकाराने २०२२पासून ज्यू लोकांबद्दल जी द्वेषाची विधानं केली ती मला घृणास्पद वाटतात. इथे बोलणं चाललंय ते २००८च्या रेकॉर्डबद्दल आणि ते कसं ऐकलं गेलं याबद्दल.)

आता दुसऱ्या परीक्षकाचा शेरा, ‘गाता येत नाही म्हणून मशीन’. हा शेरा जुना आहे आणि त्याचा इतिहास तुम्हाला माहीत असायला हवा. ऑटोट्यून १९९७मध्ये बाजारात आलं. ते बनवणारे अँडी हिल्डेब्रँड आधी तेलाच्या शोधासाठी जमिनीखालच्या लहरींचं विश्लेषण करत. तेच गणित त्यांनी आवाजाच्या स्वराला लावलं. हेतू होता घसरलेला सूर कुणाला न कळता जागेवर आणणं. १९९८मध्ये शेर या गायिकेच्या ‘बिलीव्ह’ने ते मुद्दाम कळेल असं वापरलं. पुढे टी-पेन या गायकाने त्यावर आपली सगळी शैली उभी केली, आणि कान्येने या अल्बमसाठी त्याच्याकडूनच धडे घेतले. २००९मध्ये रॅपर जे-झीने ऑटोट्यूनचा मृत्यू जाहीर करणारं गाणं काढलं. २०१०मध्ये ‘टाइम’ मासिकाने ५० सर्वांत वाईट शोधांच्या यादीत त्याला बसवलं. म्हणजे हा अल्बम ज्या काळात ऐकला जात होता त्या काळात ऑटोट्यूनवरचा राग टिपेला पोचला होता, आणि त्या रागाचा वाटा या गाण्यांच्याही पदरात पडला.

तरी ‘गाता येत नाही’ ही तक्रार निव्वळ पूर्वग्रह म्हणून झटकता येत नाही. कान्येला खरंच फारसं गाता येत नव्हतं. डिसेंबर २००८मध्ये ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या टीव्ही कार्यक्रमात त्याने यातली दोन गाणी गायली आणि तिथे आवाज उघडा पडला, टीकाही झाली. माझ्या मते अल्बममध्ये मात्र ही मर्यादाच कामाला आली आहे. सुरेल गायकाच्या गळ्यावर ट्यूनिंग घट्ट केलं तर ठाम लागलेल्या सुरावर फार काही ऐकू येत नाही, कारण तिथे दुरुस्त करायला काही नसतंच. सूर डळमळतो तिथे मशीन त्याला खेचून जागेवर आणतं आणि ती खेच ऐकू येते. माणूस स्वतःला सावरतोय असा तो आवाज होतो. ‘हार्टलेस’ आणि ‘कोल्डेस्ट विंटर’मध्ये हे फार नेमकं बसलं आहे.

मराठीत गाताना याला आणखी एक पदर आहे आणि तो मला तुमच्या परीक्षकाने पकडलेला हवा होता. आपलं गाणं एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातं. मींड आहे, हरकत आहे, कण आहे. ट्यूनिंगचा वेग शून्यावर ठेवला की सॉफ्टवेअर प्रत्येक घसरणीच्या पायऱ्या करतं, कारण त्याला बारा ठरलेल्या जागा सांगितलेल्या असतात. तुमच्या पाचव्या गाण्यात शेवटच्या ओळीत ‘आ’ लांबवत तुम्ही मध्यमावरून गांधारावर उतरता, तिथे मींडीऐवजी स्वच्छ कडा ऐकू येते आणि ती अंगावर येते. तिथे मशीन तुमच्या बाजूने गातं. दुसऱ्या गाण्यात मात्र ‘वेळ’, ‘कळ’, ‘मिळे’ अशी ‘ळ’ असलेली टोकं ओळीने आली आहेत. ‘ळ’ घोषवर्ण आहे, त्यात सूर असतो, सॉफ्टवेअर त्यालाही पकडायला जातं आणि दर ओळीच्या शेवटी घशात काही अडकल्यासारखा खरखरता झटका येतो. तो भावनेचा नाही, सेटिंगचा आहे. दुसऱ्या परीक्षकाने ‘मशीनचा आधार’ असा ढोबळ शेरा मारण्याऐवजी हे लिहिलं असतं तर तुम्हाला त्याचा उपयोग झाला असता. पण त्याच्या कानाला काहीतरी खटकलं होतं, एवढं त्याच्या खात्यावर जमा करा.

आवाज मशीनमधून काढण्यामागे कलाकाराचं काय चाललंय हे परीक्षकाला दर वेळी कळेलच असं नाही. नील यंगने १९८२च्या शेवटी ‘ट्रान्स’ नावाचा अल्बम काढला. गिटारचा, मोकळ्या गळ्याचा हा गायक, आणि त्यात त्याचा आवाज व्होकोडरमधून (आवाज यांत्रिक करणाऱ्या उपकरणातून) इतका गाळलेला की शब्दही नीट लागेनात. लोक गोंधळले. त्याच्या रेकॉर्ड कंपनीने, गेफनने, पुढच्याच वर्षी त्याच्यावर दावा ठोकला की हा आपल्या ओळखीला साजेसं संगीत देत नाही. यंगने पुष्कळ नंतर सांगितलं की त्याच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी होती, मुलाला बोलून काही पोचवता येत नसे, आणि ते न कळणारे शब्द हा त्या धडपडीचा आवाज होता. हे कळल्यावर मी तो अल्बम परत ऐकला. काही गाणी पूर्वीपेक्षा कितीतरी जवळची वाटली, काही पूर्वीइतकीच लंगडी. कारण माहीत झाल्याने ऐकण्याची दिशा बदलते, मिक्स मात्र तेच राहतं.

आता कान्येच्या गोष्टीतला तो भाग, जो तुमच्या प्रश्नाला थेट लागू आहे आणि जो फार कमी लोक सांगतात. सप्टेंबर २००८मध्ये एमटीव्हीच्या पुरस्कार सोहळ्यात त्याने ‘लव्ह लॉकडाउन’ पहिल्यांदा गायलं. गाण्याची एक आवृत्ती लगेच इंटरनेटवर पसरली आणि चाहत्यांनी आवाजावरून ती धुऊन काढली. त्याने काय केलं? गाणं परत गायलं, तायको या जपानी ढोलांचे ठोके नव्याने घेतले आणि बदललेली आवृत्ती बाहेर काढली. आज आपण ऐकतो ते गाणं टीकेनंतरचं आहे. त्याने ट्यूनिंग सोडलं नाही, गाणं भरलं नाही, गिटार आणि कोरस घालून लोकांना खूश केलं नाही. मोकळी जागा तशीच ठेवली आणि जे खरंच कच्चं होतं ते दुरुस्त केलं. मला तुमच्याकडून नेमकं हेच हवं आहे.

पुढची कीर्ती कशी आली तेही सांगतो, कारण भाकितं करणारे हा भाग गाळतात. फेब्रुवारी २००९मध्ये ड्रेक या रॅपरने ‘सो फार गॉन’ नावाची मिक्सटेप (गाण्यांचा अनौपचारिक संच) काढली, त्यात ‘से यू विल’चाच ट्रॅक घेऊन त्यावर स्वतःचे शब्द टाकले. अल्बमच्या कामात असलेल्या किड कडीने त्याच वर्षी स्वतःचा पहिला अल्बम काढला, त्यातही एकटेपणा आणि अर्धं गाणं, अर्धं रॅप. मग रॅपरने गाणं, रडणं, स्वतःच्या भीतीबद्दल बोलणं हे नेहमीचं झालं. २०१४मध्ये ‘रोलिंग स्टोन’ने सर्वांत नवी वाट पाडणाऱ्या ४० अल्बममध्ये त्याचं नाव घातलं, २०१५मध्ये ‘हॉलिवूड बोल’ या खुल्या नाट्यगृहात कान्येने तो अख्खा वाजवला. म्हणजे समीक्षकांचं मत बदललं ते पाठीमागून आलेल्या गाण्यांमुळे. पहिल्या ऐकण्यात जी मोकळी जागा सवयीची नव्हती, ती इतरांनी वापरून सवयीची केली. हे कुणाही एका कलाकाराच्या हातात नसतं. जगातल्या प्रत्येक दुर्लक्षित अल्बमच्या मागून ड्रेक येत नाही. त्या आशेवर आजची परीक्षणं बाजूला टाकू नका.

ज्या यंत्राचं नाव त्या अल्बमला आहे त्याचंही असंच झालं. रोलंड कंपनीचं टीआर-८०८, म्हणजेच ‘एट-ओ-एट’, हे ड्रम मशीन १९८०मध्ये आलं. त्याच सुमाराला लिन कंपनीचं मशीन खऱ्या ड्रमचे रेकॉर्ड केलेले आवाज वाजवत होतं. त्यापुढे ८०८चे इलेक्ट्रॉनिक ठोके खेळण्यातले वाटत. जेमतेम बारा हजार मशीन बनली आणि १९८३मध्ये ते बंद झालं. मग ही मशीन जुन्या बाजारात स्वस्तात मिळायला लागली, कमी पैशांत संगीत करणाऱ्या पोरांच्या हाती पडली, आणि तो न-ड्रमसारखा, लांब घुमणारा खर्जाचा ठोका पुढच्या चाळीस वर्षांचा आवाज झाला.

आणि यंत्रात दुःख मावत नाही म्हणणाऱ्यांना मी कान्येच्याही मागे नेईन. फिल कॉलिन्स या गायकाने घटस्फोटाच्या दुखण्यातून १९८१मध्ये ‘इन द एअर टुनाइट’ हे जे गाणं काढलं त्याचा बराच भाग रोलंडच्या साध्या ड्रम मशीनवर आणि सिंथवर चालतो. खरे ड्रम शेवटाकडे येतात. कान्येचं आईसाठीचं ‘कोल्डेस्ट विंटर’ उभं आहे ते टीअर्स फॉर फिअर्स या बँडच्या १९८३च्या ‘मेमरीज फेड’वर.

आता तुमच्या पहिल्या परीक्षकाचा ‘रिकामं’ हा शेरा. तिघांत तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. त्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत आणि त्या सुट्या कराव्या लागतील.

पहिली सवयीची आहे. आपला कान भावगीतावर पोसलेला आहे, आणि ठाण्यात तर जास्तच. पी. सावळाराम इथले, त्यांच्या शब्दांवर इथल्या तीन पिढ्या वाढल्या. गडकरी रंगायतनला जुन्या गाण्यांचा कार्यक्रम लागला की हॉल भरतो, दिवाळी पहाटेला तेच. त्या गाण्याची बांधणी ठरलेली असते: मुखडा, म्युझिक पीस, अंतरा, पुन्हा पीस. ओळ संपली की व्हायोलिनं किंवा बासरी ती जागा उचलून धरते, गायकाला श्वास मिळतो आणि श्रोत्याला उसासा टाकायची सोय होते. मला ही बांधणी मनापासून आवडते; दुःख सोसण्यासारखं करण्याची ती एक उत्तम रीत आहे. तुमच्या गाण्यात ओळ संपते आणि नुसता ठोका उरतो. भावगीतावर वाढलेल्या कानाला तिथे वादक आलेच नाहीत असं वाटतं. तुमच्या परीक्षकाच्या लेखातली ‘अर्ध्यावर सोडल्यासारखी’ ही तक्रार मला तिथून आलेली दिसते. हा भाग बदलू नका. तो तुमच्या अल्बमचा कणा आहे. हवं तर पुढच्या वेळी पहिल्या गाण्यात श्रोत्याला ही रीत शिकवा: पहिली मोकळी जागा चार मात्रांची, दुसरी आठ, तिसरी सोळा. एकदम सोळा मात्रा दिल्यात तर लोक फोन तपासतात की नेट गेलं की काय.

दुसरी गोष्ट निव्वळ तांत्रिक आहे आणि ती परीक्षकाच्या बाजूने आहे. तुमचं चौथं गाणं स्टुडिओत ऐकलं तेव्हा मला अजिबात रिकामं वाटलं नाही. खाली ८०८चा खर्ज चाल घेऊन फिरतो, प्रत्यक्षात तोच दुसरा गायक आहे. अंतऱ्यात तुम्ही वर जाता तेव्हा तो खाली जातो. मग तेच गाणं फोनच्या स्पीकरवर लावलं. तो खर्ज पन्नास हर्ट्झच्या आसपास आहे, आणि फोनचा इवलासा स्पीकर दोनशेच्या खाली जवळपास काहीच देत नाही. दुसरा गायक गायब. उरला तुमचा आवाज आणि ठोक्याच्या तोंडाची टिचकी. लोकलमध्ये किंवा घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये रिक्षात बसून साध्या इअरफोनवर ऐकलं तरी हीच गत, कारण बाहेरची घरघर नेमकी त्याच पट्टीत असते. परीक्षकाने ज्यावर ऐकलं त्यावर ते गाणं खरोखर रिकामं होतं. ‘रिकामं’ हा शेरा तिथे अक्षरशः बरोबर आहे.

उपाय सोपा आहे आणि त्याने गाण्याची मोकळीक बिघडत नाही. खर्जाच्या ट्रॅकची एक प्रत करा, तिच्यावर थोडं सॅच्युरेशन (आवाज किंचित फाडणारा इफेक्ट) लावा आणि दीडशेच्या खालचं सगळं कापून टाका. पन्नासच्या सुराच्या पटीतले वरचे सूर, दीडशे, दोनशे, अडीचशे, तयार होतात. ती प्रत मूळ ट्रॅकखाली अगदी हलकी मिसळा. लहान स्पीकरवर हे वरचे सूर ऐकू आले की कान खालचा मूळ सूर स्वतःहून धरतो, तो प्रत्यक्षात वाजत नसला तरी. मोठ्या स्पीकरवर फरक जाणवू नये इतपतच ठेवा. हे करताना डोळे स्क्रीनवर नकोत. फोन शेजारी ठेवून त्यावर ऐकत करा.

याच कारणाने सातव्या गाण्याचा रिव्हर्ब, म्हणजे आवाजाला दिलेला घुमारा, कमी करायला हवा. मोजक्या सुरांच्या अल्बममध्ये रिव्हर्ब हा सर्वांत मोठा मोह असतो. जागा मोकळी दिसली की ती भरावीशी वाटते आणि धुकं सोडणं हा बिनकष्टाचा मार्ग. सहाव्या गाण्यात तुमचा आवाज कोरडा आहे, खोलीतल्या पंख्याची घरघरसुद्धा मागे येते, आणि ते गाणं अल्बममधलं सर्वांत धीट आहे. लगेच सातव्यात तुम्ही एका प्रचंड हॉलमध्ये जाता. दुःख मोठं झाल्यासारखं वाटत नाही, लांब गेल्यासारखं वाटतं. याबद्दल तिन्ही परीक्षकांनी एक अक्षर लिहिलेलं नाही, म्हणून मी लिहितोय.

तर दुर्लक्ष करायचं का? नाही. तिन्ही परीक्षणं समोर घ्या आणि प्रत्येक वाक्याला विचारा की हे कुठल्या गाण्यात, कुठल्या जागी ऐकू येतं. जागा दाखवता येत असेल तर ते वाक्य कामाचं, मग ते कितीही कडू असो. जागा दाखवता येत नसेल तर ते परीक्षकाच्या आवडीनिवडीबद्दल आहे. वाचा आणि सोडून द्या. पहिल्या परीक्षकाला उत्तर लिहायच्या भानगडीत पडू नका. चौथ्या गाण्याचं नवं मिक्स झालं की त्याला पाठवा आणि सोबत एवढंच लिहा की तुमच्या शेऱ्यावरून खर्ज दुरुस्त केलाय, फोनवर ऐकून बघा. नेमकी दुरुस्ती समोर आली की बहुतेक परीक्षक परत ऐकतात. निदान मी तरी ऐकतो.

दुसरं गाणं मात्र एवढ्याने सुटायचं नाही. ते एकदा ट्यूनिंग पूर्ण काढून, त्याच ठोक्यावर, सलग एका टेकमध्ये गा आणि ‘ळ’च्या जागा मोकळ्या सोडा. मग तोच टेक दोन प्रकारांनी एक्स्पोर्ट करा: एकात ट्यूनिंग फक्त लांबवलेल्या स्वरांवर, ओळींची टोकं वगळून, दुसऱ्यात अजिबात नाही. दोन्ही मला पाठवा, सोबत ठोका आणि सिंथ वेगवेगळे ट्रॅक म्हणून. मला संशय आहे की त्या गाण्याला मशीनची गरजच नाही, पण हे ऐकल्याशिवाय सांगणार नाही.